तव्यासमोरची जागा

तेप्पान्याकी म्हणजे कांद्याच्या चकत्यांतून ज्वाळा काढणारा आचारी, हा समज न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली सुरू झालेल्या ‘बेनिहाना’ या रेस्टॉरंटमुळे जगभर पसरला. खरी करामत मात्र तव्याची आहे. जपानमधल्या कोबे शहरातल्या ‘मिसोनो’ या रेस्टॉरंटने १९४५ साली लोखंडी पत्र्यावर स्टेक भाजायला सुरुवात केली, तीच ही तेप्पान्याकी. जाड पत्रा उष्णता धरून ठेवतो, मांस पडलं तरी चटकन थंडावत नाही. त्यामुळे वरचा थर खरपूस होतो आणि आतला भाग मऊ राहतो. वाग्यू गोमांसातली चरबी तर लवकर वितळते, म्हणून घासाएवढे तुकडे करून लगेच वाढतात. यासाठी आचाऱ्यासमोरच कशाला बसायचं, असं कुणी म्हणेल. पण आतून ताट येईपर्यंत तो खरपूसपणा ओसरतो. तेव्हा जागा तव्यासमोरचीच मागा आणि तुकडा वाढताक्षणी खा.