सोलापूरच्या टॉवेल कारखान्यात ट्रॉलीचं चाक का अडकतं? चाक घेताना वजनाआधी फरशी का बघायची?

सोलापूर म्हटलं की आधी चादर आठवते, मग टॉवेल. दोन्हींना जीआय मानांकन आहे, हे अनेकांना माहीत असतं. पण हा टॉवेल दुकानात पोचण्याआधी कारखान्यातल्या कारखान्यात किती फिरतो, हे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही.

सुताचे कोन गोदामातून निघतात. सूत रंगाईला जातं, वाळतं, बीमवर गुंडाळलं जातं आणि मग मागावर चढतं. त्यातही टेरी टॉवेलच्या मागाला ताण्याचे दोन बीम लागतात. एक मूळ कापडासाठी आणि दुसरा टॉवेलवर जे मऊ लूप दिसतात त्यांच्यासाठी. विणून झालं की माल धुलाईला, शिलाईला आणि शेवटी पॅकिंगला जातो. अक्कलकोट रोड एमआयडीसी असो की शहराचा पूर्व भाग, हा प्रवास बहुतेक वेळा होतो तो माणसाने ढकललेल्या ट्रॉलीवर.

आणि ट्रॉली ढकलणाऱ्याला रोज छळणारी गोष्ट म्हणजे तिचं चाक.

नेमकं होतं काय?

मागाखाली सुताचे तुकडे आणि बारीक तंतू सतत पडत असतात. ट्रॉली त्यावरून गेली की धागा चाकाला चिकटून वर येतो, चाक आणि त्याला धरणारा लोखंडी चिमटा यांच्या फटीत शिरतो आणि आसाभोवती गुंडाळला जातो. तंतू बेअरिंगमधलं ग्रीस शोषून घेतात. काही दिवसांनी चाक फिरायचं थांबतं आणि नुसतं घासत जातं. घासून त्याची एक बाजू चपटी झाली की ट्रॉली दर फेऱ्याला धक्के द्यायला लागते.

मालकाला वाटतं चाक खराब निघालं. तो तसंच चाक पुन्हा आणतो आणि काही दिवसांनी तेच होतं. पण चाक खराब नव्हतं, ते त्या जागेसाठी नव्हतं. मधल्या काळात जो जादा जोर लागतो, तो कामगाराच्या कंबरेतून आणि खांद्यातून जातो. त्याची नोंद कोणत्याच बिलात होत नाही.

यावरचा उपाय छोटा आहे. चाकाच्या दोन्ही बाजूंना गोल झाकण असलेले, म्हणजेच थ्रेड गार्डवाले कॅस्टर मिळतात. ते फट झाकतात. धागा पूर्ण थांबत नाही, पण बराच कमी होतो. त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा ट्रॉली आडवी करून धागे कापून काढले की चाक बरंच जास्त टिकतं.

आधी फरशी बघा

सोलापूरच्या अनेक जुन्या शेडमध्ये शहाबादी फरशी आहे. तिचे सांधे झिजून खोल होतात. नव्या शेडमध्ये गुळगुळीत कोबा असतो, तर दोन शेडच्या मधल्या अंगणात खडी. एकच चाक तिन्ही ठिकाणी चालेल, अशी अपेक्षा ठेवली की फसगत होते.

नायलॉनचं चाक कडक असतं. गुळगुळीत जमिनीवर ते कमी जोरात पळतं, वजनही भरपूर घेतं. पण आवाज मोठा करतं आणि टाइल्सवर ओरखडे पाडू शकतं. रबराचं चाक शांत चालतं आणि खडबडीत जागा सांभाळून घेतं, पण ढकलायला जड जातं. भरलेली ट्रॉली बरेच दिवस एका जागी उभी राहिली तर ते दबून चपटं होतं. पॉलियुरेथेन, म्हणजे दुकानदार ज्याला 'पीयू' म्हणतात, ते या दोघांच्या मधलं. कोरड्या कारखान्यासाठी बऱ्याचदा तेच सोयीचं पडतं.

रंगाई विभागाचं गणित मात्र वेगळं आहे. तिथे गरम पाणी, वाफ आणि रसायनं असतात. साधं पीयू अशा ठिकाणी हळूहळू ठिसूळ होऊन त्याचे तुकडे पडायला लागतात आणि साध्या लोखंडाचा चिमटा गंजतो. म्हणून ओल्या जागेत पॉलीप्रॉपिलीनचं किंवा नायलॉनचं चाक आणि स्टेनलेस स्टीलचा चिमटा घेतलेला बरा.

वजन चारने नाही, तीनने भागा

समजा ट्रॉली ५० किलोची आहे आणि त्यावर ४०० किलो माल चढतो. एकूण ४५० किलो. चाकं चार, म्हणून प्रत्येकी साधारण ११२ किलो, असा हिशोब अनेक जण करतात. पण जमीन कधीच पूर्ण सपाट नसते. एक चाक अधूनमधून अधांतरी राहतं आणि भार उरलेल्या तिघांवर येतो. म्हणून ४५० ला तीनने भागायचं आणि किमान १५० किलो क्षमतेचं चाक घ्यायचं.

व्यासही महत्त्वाचा. ३ इंची चाक फरशीच्या सांध्यात जितकं रुततं, तितकं ६ इंची रुतत नाही. चाक मोठं असेल तर तेवढंच वजन कमी जोरात हलतं.

किती चाकं वळणारी हवीत?

लांब आणि सरळ वाट असेल तर दोन स्थिर आणि दोन वळणारी चाकं पुरतात. वळणारी चाकं हँडलच्या बाजूला ठेवायची, म्हणजे ट्रॉली ताब्यात राहते. दोन मागांमधल्या चिंचोळ्या जागेत चारही वळणारी चाकं सोयीची, पण सरळ रस्त्यावर अशी ट्रॉली भरकटते.

ब्रेकमध्येही फरक असतो. साधा ब्रेक फक्त चाकाचं फिरणं थांबवतो. टोटल लॉक चाकाचं वळणंही थांबवतो. उतारावर किंवा माल चढवताना दुसराच कामाला येतो.

घरात काय करायचं?

नियम तोच. ऑफिसच्या खुर्चीला अनेकदा कडक नायलॉनची चाकं येतात. ती गालिच्यावर चांगली चालतात, पण घरातल्या टाइल्सवर आवाज करतात आणि मध्ये खडा आला की ओरखडा उठतो. तिथे मऊ पीयूची चाकं बसवा. बहुतेक खुर्च्यांना ११ मिलिमीटर जाडीची दांडी लागते, तरी जुनं चाक काढून दुकानात नेलं तर चूक होत नाही. टेबलाची किंवा ट्रॉलीची चाकं बदलताना प्लेटच्या भोकांमधलं अंतर आणि चाकाची एकूण उंची मोजून घ्या, नाहीतर एक पाय डुगडुगत राहील.

थोडक्यात, दुकानात जाण्याआधी चार गोष्टी लिहून न्या: जमीन कशी आहे, एकूण वजन किती, वाट सरळ की वळणाची, आणि खाली धागा, पाणी की रसायन. किंमत त्यानंतर विचारा. आणि कारखान्यातली ट्रॉली असेल, तर आणखी एका माणसाला विचारा. ती रोज कोण ढकलतं त्याला. कोणतं चाक कुठे अडतं, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.