मिठाचा अंदाज

रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतो. 2016 साली तो जूनमध्ये आला होता. पोशीरला पाऊस, ओली लाकडं आणि चुलीत नुसता धूर. आता तो उन्हाळ्याच्या तोंडावर येतो, बाजारात मोठी वांगी असतात, म्हणून इफ्तारला आमच्याकडे भरलेली रोटी आणि भरीत होतं.

वांग्याला तेलाचं बोट, सुरीचे चार टोचे (नाहीतर ते फुटतं) आणि निखाऱ्यावर. टोमॅटो, लसूणही तिथेच. सोलताना पाण्याखाली धरायचं नाही, धुराची चव वाहून जाते. मग कच्चा कांदा, मिरची, कोथिंबीर. रोटीत चणाडाळ: बोटाने दाबली की मोडेल एवढीच शिजवायची, पाणी पूर्ण निथळून आलं-जिरं घालून वाटायची. सारण ओलं राहिलं की रोटी लाटताना फाटते. कणीक मात्र सैल हवी.

अडचण मिठाची. रोजा असताना चाखायचं कसं? जिभेच्या टोकावर घेऊन थुंकून टाकलं तर चालतं, असं जाणकार सांगतात. अम्मीला ते पटत नाही. ती चमचाभर भरीत कुंपणावरून शेजारच्या काकूंना द्यायची.

"अगं, अजून चिमूटभर घाल," काकू म्हणायच्या.

एकादशीला काकूंचा उपास असला की त्यांची आमटी चाखायला अम्मीला हाक यायची.

काकू आता मुलाकडे बदलापूरला राहतात. अम्मी अंदाजाने मीठ घालते. काल भरीत अळणी झालं. मगरीबनंतर तिने काकूंना फोन लावला, तक्रार करायला.