चीनला निघण्यापूर्वी

चीनला जायचं ठरलं की यादी तयार होते: भिंत, शांघाय, खरेदी. मी मात्र आधी सोलापूरच्या भैय्या चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस स्मारकात गेले आणि मग नकाशा उघडला. हबेई प्रांतातलं शिजियाझुआंग बीजिंगच्या नैर्ऋत्येला. तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत डॉक्टरांची समाधी आहे. पश्चिमेला तायहांगचे डोंगर.

या डोंगरांनीच मला इतिहास समजावला. जुलै १९३७ मध्ये जपानने मोठी चढाई केली. डिसेंबरात नानजिंगमध्ये भयंकर कत्तल झाली. उत्तरेत शहरं आणि रेल्वेमार्ग जपान्यांकडे गेले, डोंगरी खेड्यांतून चिनी गनिमी फौजा लढत राहिल्या. आपल्या सोलापूरच्या डॉक्टरांनी खेड्यापाड्यांत शस्त्रक्रिया का केल्या, ते नकाशा पाहिल्यावर कळतं. काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टर पाठवले होते. चौघे परतले. कोटणीस तिथेच ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले.

समाधीपुढे फोटो जरूर काढा, पण सोलापूरकरांनो, निघण्याआधी १९३७ ते १९४५ ही आठ वर्षं वाचून जा.