मुरमांची गोळी हिशेबात धरा

मुरमांना आपल्याकडे आजार म्हणतच नाहीत. वयात आल्याची खूण म्हणून घरचे दुर्लक्ष करतात, फारच वाढली तर मेडिकलमधून ट्यूब येते. त्यामुळे त्वचेच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली कॅप्सूलही कुणी ‘औषध’ म्हणून मोजत नाही. ‘दुसरं काही चालू आहे का?’ या प्रश्नावर ताप, खोकल्यासाठी आलेला रुग्ण बिनधास्त ‘नाही’ म्हणतो. मुरमांच्या उपचारातल्या टाळता येण्याजोग्या धोक्यांपैकी बरेचसे या ‘नाही’मध्ये दडलेले असतात, असं माझं म्हणणं आहे. सिल्वासासारख्या गावात तर ते सहज घडतं. कारखान्यांमुळे राज्याराज्यांतून आलेला कामगार त्वचेसाठी वापीला जातो, तापाला गल्लीतला दवाखाना गाठतो, मोठं दुखणं निघालं तर सरकारी हॉस्पिटल. प्रत्येक ठिकाणची चिठ्ठी वेगळी, आणि सगळ्या चिठ्ठ्या एकत्र पाहणारं कुणीच नाही.

जड मुरमांवर आयसोट्रेटिनॉइन देतात. १९८२ पासून वापरात असलेलं हे गुणी औषध ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं, म्हणून त्याच्या जोडीला त्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या तर दुष्परिणाम वाढतात. मोठी अडचण डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाची. शेजारच्या वलसाड-नवसारी पट्ट्यात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचं सावट असतं आणि त्या संशयावर डॉक्सीसायक्लिन दिलं जातं, जे रास्तच आहे. पण आयसोट्रेटिनॉइन चालू असताना ते घेतलं तर कवटीतला दाब वाढू शकतो. डोकं ठणकतं, मळमळतं, नजर धूसर होते, आणि दुर्लक्ष झालं तर दृष्टीला कायमची इजा पोचते. तापातही डोकं दुखतंच, त्यामुळे संशय कुणाला येणार? डॉक्सीसायक्लिन मुरमांवरही स्वतंत्रपणे दिलं जातं. तेव्हा प्रश्न साधा असतो: अ‍ॅनिमियासाठीची लोहाची गोळी किंवा अ‍ॅसिडिटीचं अँटासिड औषध सोबत घेतलं, तर डॉक्सीसायक्लिन पोटातच बांधलं जातं आणि पुरेसं लागू पडत नाही. या दोन्हींपासून काही तासांचं अंतर ठेवायचं, किती ते डॉक्टरांना विचारायचं.

सगळ्यात गुंतागुंतीचं उदाहरण क्षयरोगाचं आहे. त्यावरच्या औषधांतल्या आयसोनियाझिडमुळे काहींच्या चेहऱ्यावर मुरमांसारख्या पुळ्या येतात. म्हणजे रुग्ण त्वचेसाठी दुसरीकडे जातो तो मुळात पहिल्या औषधाचा परिणाम घेऊन. तिथे आयसोट्रेटिनॉइन मिळालं, तर आधीच क्षयाच्या गोळ्यांनी ताणलेल्या यकृतावर आणखी भार पडतो. बाई असेल तर प्रकरण याहून बिकट. आयसोट्रेटिनॉइनमुळे गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून उपचारात आणि नंतर महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते. ती गर्भनिरोधक गोळीवर विसंबते, आणि क्षयावरचं रिफाम्पिसिन नेमका त्याच गोळीचा परिणाम कमी करतं. गोळ्या तिन्ही योग्य डॉक्टरांनी, योग्य कारणासाठी लिहिलेल्या, तरी गाठ चुकीची पडते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, विचारणं हे डॉक्टरांचं काम, रुग्णानं काय काय लक्षात ठेवायचं? काम डॉक्टरांचंच आहे, यात वाद नाही. पण शेकड्यांनी रुग्ण पाहणाऱ्या ओपीडीत ते प्रत्येक वेळी होईल असं गृहीत धरणं भाबडेपणाचं. शिवाय मेडिकलवाला चार गोळ्या कात्रीनं कापून देतो तेव्हा नाव बऱ्याचदा उरलेल्या पट्टीवर राहतं. रुग्णानं सांगायचं ठरवलं तरी काय सांगणार? त्यामुळे पट्टीचा किंवा चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो ठेवणं, ही मागणी अवाजवी नाही. दुसरा आक्षेप मला जास्त पटतो: असं घाबरवलं तर लोक डॉक्टर टाळून सरळ मेडिकलमध्ये जातील. जातातच. त्वचेवर लावायची स्टेरॉइडची मलमं २०१८ मध्ये चिठ्ठीशिवाय विकायला बंदी झाली, तरी गोरेपणाची क्रीम म्हणून ती वापरली जातात आणि त्यांनीच चेहऱ्यावर नवी मुरमं उगवतात. म्हणून भीतीपेक्षा यादी बरी. त्या यादीत क्रीमही लिहावं, आयुर्वेदिक काढाही, जिमची पावडरही. औषध अंगाशी आल्याचा संशय आला तर भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. तिथे रुग्णही तक्रार नोंदवू शकतो, आणि तेव्हा पहिल्यांदा विचारतील ते हेच, की आणखी काय काय घेत होता.