पुणे ३० : पिन कोडचा मागोवा

पिन कोड म्हणजे पोस्टल इंडेक्स नंबर, पत्र वाटणाऱ्या टपाल कार्यालयाचा सहा अंकी क्रमांक. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो देशात लागू झाला. ही योजना केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते संस्कृतचे कवी आणि नाटककारही होते. एवढे मोठे काम करूनही महाराष्ट्रात त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही, याची खंत वाटते.

पिन कोड येण्याआधी पुण्याच्या सदाशिव पेठेतला पत्ता घरांकावर आणि खुणांवर चाले. भिकारदास मारुती, चिमण्या गणपती, खुन्या मुरलीधर, पेरूगेट एवढे लिहिले की बीटवरच्या पोस्टमनला घर सापडे. घोळ व्हायचा तो दूरच्या सॉर्टिंगमध्ये. सदाशिव पेठ साताऱ्यातही आहे, आणि वारांच्या नावाच्या पेठा तर कितीतरी गावांत. त्यात गावाचे नाव पुसट किंवा अनोळखी लिपीत असले, की पत्र भलतीकडे जाई. अंक मात्र कोणत्याही प्रांतातल्या कर्मचाऱ्याला वाचता येतात.

सदाशिव पेठेचा पिन कोड ४११०३०. त्यातला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा. ४११ पुणे शहराचा. उरलेले तीन अंक वाटप कार्यालयाचे. मोठ्या शहरांत विभाग क्रमांक आधीपासून होते. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेच्या पत्त्यातला ‘पुणे ४’ पुढे ४११००४ झाला. लोकांच्या हाताला बसलेले अंक न मोडता नव्या रचनेत घेतले, हे या योजनेचे मोठे शहाणपण. म्हणूनच भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा महाराष्ट्र साहित्य परिषद यांचा पत्ता नुसता ‘पुणे ३०’ लिहिला तरी पुणेकराला पुरतो. हा क्रमांक एकट्या सदाशिव पेठेचा नाही. नारायण आणि शनिवार पेठही त्यातच येतात.

पत्रे कमी झाली, पण पिन कोडचे काम वाढले. बँकेचा अर्ज, आधार कार्ड, कुरिअर, ऑनलाइन खरेदी, सगळीकडे तो लागतो. वस्तू घरपोच मिळेल की नाही, हेही त्यावरूनच कळते. २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. अक्षरे आणि अंक मिळून दहा चिन्हांचा हा संकेत सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोन दाखवतो. वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत एकाच चौकोनावर अनेक मजले असतात, त्यामुळे घरांक आणि मजला लिहावाच लागतो. टपालाच्या पत्त्यातला पिन कोडही कायम आहे.