कोणतं रक्त लावायचं? बाळंतिणीच्या खाटेशेजारची साकळण्याची चाचणी

आज ताडकळसला समोर आशाताई आहेत, सिस्टर आहेत आणि घरात बाळंतपण जवळ आलेली माणसंही आहेत, म्हणून साध्या भाषेत बोलतो. बाळंतपणानंतर बाईच्या अंगावरून जास्त रक्त जायला लागलं की नातेवाइकांचं पहिलं वाक्य असतं, ‘डॉक्टर, रक्त लावा.’ बरोबर आहे. पण कोणतं रक्त? आज याच प्रश्नावर बोलायचं आहे.

दिवस भरलेल्या गर्भपिशवीकडे मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिलिलीटर रक्त जात असतं. वार पडली की पिशवी आवळते आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ती आवळली नाही तर रक्त वाहत राहतं. दहापैकी सुमारे सात वेळा कारण हेच असतं. म्हणून पहिलं काम म्हणजे पिशवी आवळायची औषधं देणं, ती चोळणं, वारेचा तुकडा राहिलाय का, कुठं फाटलंय का ते बघणं. चाचणी या कामाच्या बरोबरीनं करायची, त्याऐवजी नाही.

आता साकळण्याकडे येऊ. रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन असतं. त्याचेच धागे होतात, जाळं होतं आणि गुठळी धरते. एरवी ते लिटरमागे २ ते ४ ग्रॅम असतं. दिवस भरेपर्यंत शरीर ते ४ ते ६ ग्रॅमपर्यंत वाढवून ठेवतं. त्यामुळे इतरांना चालणारा २ हा आकडा बाळंतिणीला चालत नाही. फ्रान्समध्ये १२८ बाळंतिणींचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. रक्तस्राव सुरू झाल्यावर लगेच ज्यांचं फायब्रिनोजेन २ ग्रॅम किंवा त्याहून कमी निघालं, त्या सगळ्यांचा रक्तस्राव पुढं गंभीर झाला.

आता पिशव्यांमध्ये काय असतं ते बघा. लाल पेशींची पिशवी प्राणवायू वाहून नेते. तिच्यात साकळवणारे घटक जवळजवळ नसतात. सलाइनमध्ये तर नसतातच. नुसतं हेच देत राहिलो तर उरलंसुरलं फायब्रिनोजेन पातळ होतं. मग प्लाझ्मा द्यावा का? त्यात लिटरमागे साधारण २ ग्रॅमच असतं. बाळंतिणीचं ३ असेल तर प्लाझ्मा ते वाढवण्याऐवजी कमीच करील, वर फुप्फुसात पाणी साठायची भीती. फायब्रिनोजेन खरोखर कमी असेल तर ते दाट स्वरूपात मिळतं क्रायोप्रेसिपिटेटमध्ये, म्हणजे आपण ‘क्रायो’ म्हणतो त्यात.

हे ठरवायचं कसं? प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायला पाऊण-एक तास सहज जातो. तोवर बाईची अवस्था बदललेली असते. म्हणून खाटेशेजारची यंत्रं आली: टेग आणि रोटेम. मूळ कल्पना जर्मनीतल्या हेल्मुट हार्टर्ट यांची, १९४८ सालची. छोट्या पेल्यात थोडं रक्त, त्यात एक दांडी. गुठळी धरू लागली की दांडीची हालचाल अडते आणि तिचा आलेख निघतो. रोटेममध्ये गुठळी धरल्यावर पाच मिनिटांनी फायब्रिनोजेनच्या जाळ्याची ताकद मिलिमीटरमध्ये कळते. १२ च्या खाली आकडा आणि रक्त अजून चालू, तर फायब्रिनोजेन द्या. रक्त थांबलं असेल तर नुसत्या आकड्यासाठी पिशवी लावू नका. वेल्समधल्या प्रसूती विभागांनी २०१७ पासून रक्त मोजणं, लवकर वरिष्ठांना बोलावणं आणि ही चाचणी हे सगळं एकत्र राबवलं. मोठे रक्तस्राव आणि रक्त देणं दोन्ही कमी झालं. श्रेय एकट्या यंत्राचं नाही, हे लक्षात ठेवा.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठलं यंत्र? पण काचेची नळी आहे. साप चावल्यावर वीस मिनिटं नळीत रक्त ठेवून बघतात, ते तुम्हाला माहीत आहे. इथंही तेच तत्त्व. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत अशी: कोरड्या, स्वच्छ, साध्या काचेच्या नळीत शिरेतलं २ मिलिलीटर रक्त घ्या. नळी मुठीत धरून ऊब द्या. चार मिनिटांनी हळूच वाकडी करा, मग दर मिनिटाला. दही नीट लागलं की भांडं कललं तरी हलत नाही, तशी गुठळी धरली पाहिजे. सात मिनिटांत धरली नाही, किंवा धरून लगेच विरघळली, तर साकळण्यात बिघाड समजा. नळी प्लॅस्टिकची नको. साकळण्याची क्रिया काचेमुळे सुरू होते.

पण नळीत गुठळी धरली म्हणजे धोका टळला असं नाही. ही चाचणी ढोबळ आहे; रक्त चालू असेल तर पुन्हा करा. आणि तिच्यासाठी ट्रानेक्सॅमिक ॲसिड अडवू नका. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या वीस हजारांवर मातांच्या चाचणीत पहिल्या तीन तासांत दिलेल्या या औषधानं रक्तस्रावाचे मृत्यू कमी झाले.

नळीचा सगळ्यात मोठा उपयोग फोनवर होतो. ताडकळसहून परभणीला किंवा नांदेडला पाठवताना ‘बाळंतीण पाठवतोय’ एवढंच सांगू नका. किती रक्त गेलं, रक्तगट कोणता आणि ‘नळीत रक्त साकळत नाही, क्रायो लागेल’ हे सांगा. क्रायो गोठवलेलं असतं, वितळवायला वेळ लागतो. गाडी रस्त्यात असतानाच तो वेळ तिकडे निघून जातो आणि बाई पोचते तेव्हा हवी ती पिशवी तयार असते.

आता प्रश्न घेऊ या.