ग्रीन स्टार आणि झेनिया: आधी जागा ठरवा

हे दोन मऊ प्रवाळ नवख्यांनी समुद्री मत्स्यालयात बिनधास्त पाळावेत, फक्त मुख्य खडकावर लावू नयेत. ग्रीन स्टारचा जांभळा थर दगडावरून काचेवर चढतो, शेजारच्या प्रवाळांना झाकून टाकतो. म्हणून त्याच्यासाठी वाळूत एकटा दगड ठेवा. काचेवरचा थर ब्लेडने सोलून निघतो. झेनिया तर हळूहळू स्वतःच जागा बदलते, तुकड्यातूनही वाढते.

पण झेनियाच्या फुलासारख्या तोंडांची ती सततची उघडझाप! लाल समुद्रातल्या हेटरोझेनिया या तिच्या नात्यातल्या प्रवाळावरच्या 2013 सालच्या इस्रायली अभ्यासात दिसलं, की या हालचालीने जादा ऑक्सिजन वाहून जातो आणि प्रकाशसंश्लेषण कितीतरी वाढतं. टाकीसमोर तासभर बसावं, इतकं सुंदर दृश्य!

पाण्याची विशिष्ट घनता 1.025, तापमान 25 अंशांच्या आसपास ठेवा. मुंबईच्या उन्हाळ्यात चिलर घ्याच.